तुरुंगाच्या ताटावरून आखलेली रेषा

कोणतेही मोजमापाचे साधन हाती घेतले की त्याला काही साधे प्रश्न विचारावेत, असे आपण विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवतो. हे साधन नेमके काय मोजते? त्याचे लघुतम माप किती? त्याचा शून्य शून्यावरच आहे ना? व्हर्नियर कॅलिपर हाती देताना हे प्रश्न न चुकता विचारणारे आपण 'दारिद्र्यरेषा' हा शब्द मात्र मुलांना नुसता देऊन टाकतो. अमुक वर्षी इतके टक्के लोक रेषेखाली होते, असे फळ्यावर लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. दारिद्र्यरेषा हेही एक साधनच आहे. ते माणसांनी, विशिष्ट वर्षी, विशिष्ट आकडे घेऊन बनवले आहे. आम्ही अर्थशास्त्रज्ञ नाही; आमचे काम प्रयोगशाळेतले. पण साधनाची तपासणी करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, आणि तपासणीचे टेबल म्हणून परळ-लालबागच्या गिरणगावाइतकी चांगली जागा नाही. या साधनाचे सुरुवातीचे नमुने मुंबईतच तयार झाले, आणि तेजी-मंदीचे मोठे हेलकावेही याच शहराने खाल्ले.

सुरुवात दादाभाई नौरोजींपासून करावी लागते. राजकारणातले दादाभाई सर्वांना ठाऊक असतात. पण त्याआधी ते एल्फिन्स्टन कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते, हे विसरले जाते. १८७६ साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचे निबंध वाचले. त्यांत त्यांनी प्रांतवार लागवडीखालची जमीन, दर एकरी पीक आणि भाव घेऊन ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न काढले. ते आले सुमारे २० रुपये. हा आकडा पाठ्यपुस्तकांत असतो. त्यामागची गणिती भांडणे नसतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

सरकारी अहवालांत जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे नुसते एकमेकांत मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागलेले असत. दादाभाईंनी ही सरासरी चूक असल्याचे दाखवून दिले. आपल्या वर्गासाठी उदाहरण घेऊ. एका तालुक्यात ९,००० एकरांवर एकरी ४ मण पीक येते, शेजारच्या तालुक्यात १,००० एकरांवर एकरी १४ मण. नुसती सरासरी ९ मण. पण एकूण धान्य ५०,००० मण आणि एकूण जमीन १०,००० एकर, म्हणजे खरी सरासरी ५ मण. कागदावर पीक जवळजवळ दुप्पट झाले, शेतात मात्र एक दाणाही वाढला नाही! भारित सरासरी शिकवताना हे उदाहरण दिले, तर मुलांना ती कशासाठी असते हे एका मिनिटात कळते.

उत्पन्न काढले, आता ते पुरेसे आहे की नाही हे ठरवायला दुसरा आकडा हवा. किमान गरज किती? दादाभाईंनी इथे एक धूर्त गोष्ट केली. स्वतःच्या मनाने किमान गरज ठरवली असती, तर सरकारने ती फुगवलेली म्हणून फेटाळली असती. म्हणून त्यांनी सरकारचेच आकडे घेतले: परदेशी जाणाऱ्या मजुरांना बोटीवर द्यायचा शिधा आणि तुरुंगातल्या कैद्यांवर होणारा अन्नवस्त्राचा खर्च. कैद्यांच्या खर्चावरून किमान गरज प्रांतागणिक वर्षाला सुमारे १६ ते ३५ रुपये निघाली. म्हणजे देशाचे सगळे उत्पन्न समान वाटले तरी कित्येक ठिकाणी माणसाला कैद्याइतकेही मिळणार नाही. वकिली म्हणून हा युक्तिवाद बिनतोड होता.

पण वकिलीसाठी घेतलेले माप पुढे शास्त्राचे माप झाले, आणि आमची पहिली तक्रार इथे आहे. कैद्याला खोलीचे भाडे नसते. आजारपणाचा खर्च त्याच्या खिशातून जात नाही. त्याच्या ताटावर बायको, मुले, गावाकडची आई जेवत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुरुंगात मंदी येत नाही. बाहेर कापसाचा भाव पडो की गिरणी बंद पडो, कैद्याचा शिधा ठरल्या वेळी ठरल्या वजनाचा येतो. दादाभाईंना हे पक्के ठाऊक होते. या मापात सणवार, सुखदुःखाचे प्रसंग आणि वाईट हंगामासाठीची शिल्लक धरलेली नाही, असे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. ती नोंद पुढच्या लोकांनी वाचली असावी. वापरली मात्र नाही.

दादाभाई हे लिहीत होते तेव्हा 'वाईट हंगाम' म्हणजे काय, हे मुंबईकरांच्या चांगले स्मरणात होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बँका आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्या धडाधड निघाल्या, त्यांच्या समभागांवर सट्टा चालला. १८६५ साली युद्ध संपले. वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस १ जुलै १८६५ होता. त्या सुमारास सगळा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांचे नाव या प्रकरणात नेहमी येते. पण व्यापाऱ्यांच्या दिवाळखोरीपेक्षा आम्हाला दोन खानेसुमारींचे आकडे जास्त बोलके वाटतात. १८६४ साली मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ मोजली गेली आणि १८७२ साली ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी! मोजणीच्या पद्धतीतही फरक असेल, सगळी घट मंदीच्याच खात्यावर टाकता येणार नाही. तरीही तेजीत आलेली माणसे मंदीत निघून गेली, हे उघड आहे. आता कोणी १८७२ साली मुंबईत दारिद्र्याची पाहणी केली असती, तर तिच्यात कोण सापडले असते? जे टिकले ते. ज्यांचे सर्वांत जास्त हाल झाले, ते पाहणीच्या चौकटीबाहेर, कोकणात किंवा घाटावर पोहोचले होते. जाळीतून निसटलेल्या माशांवरून तळ्याचा अंदाज बांधता येत नाही.

यानंतरचा मोठा टप्पा गिरणगावातला. मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय सुरू केले आणि त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. अहवाल १९२३ साली निघाला. २,४७३ कुटुंबे आणि एकट्या राहणाऱ्या ६०३ पुरुषांचे हिशेब त्यात आहेत. त्या काळाच्या मानाने हे काम फार मोठे आणि नेटके आहे, आणि आजही वाचण्यासारखे आहे. ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती. अन्नाची तुलना पुन्हा तुरुंगाशीच केली होती. निष्कर्ष असा की, कामगाराच्या पोटात धान्य दुष्काळी कामांच्या नियमांतल्या कमाल शिध्याइतके जाते, पण मुंबईच्या तुरुंगाच्या नियमपुस्तकातल्या आहाराहून कमी पडते.

हा निष्कर्ष अनेकदा सांगितला जातो. तो कोणत्या वर्षाचा आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १९२१-२२ हे महायुद्धानंतरच्या तेजीचे वर्ष होते. गिरण्या भरपूर नफा कमावत होत्या आणि कामगारांना बोनस मिळत होता. म्हणजे तुरुंगाहून कमी असलेले हे ताट मंदीतले नव्हते, तेजीच्या माथ्यावरचे होते! लगेच पुढे घसरण सुरू झाली. १९२३ चा बोनस नाकारला गेला आणि १९२४ च्या सुरुवातीला त्यावर संप झाला. १९२५ साली पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली, त्यावर पुन्हा संप. कापडावरची अबकारी जकात स्थगित झाल्यावर कपात मागे घेतली गेली. १९२८ साली तर सहा महिने गिरण्या बंद होत्या. या सगळ्या काळात त्या २,४७३ कुटुंबांच्या चुली कशा पेटत होत्या, हे पाहायला पाहणी करणारा पुन्हा गेला नाही.

पुढची जमाखर्च पाहणी झाली १९३२-३३ मध्ये, म्हणजे जागतिक मंदीच्या खड्ड्यात. तिच्यावरून राहणीखर्चाचा नवा निर्देशांक तयार झाला. त्याचे पायाभूत वर्ष जुलै १९३३ ते जून १९३४. इथे थोडे थांबायला हवे. निर्देशांक काढताना आपण एक 'टोपली' ठरवतो: इतके तांदूळ, इतके कापड, इतके भाडे. मग दर महिन्याला त्याच टोपलीची किंमत मोजतो. टोपली कोणत्या काळात भरली, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. कामगार काटकसरीने जगत असताना भरलेली ती टोपली पुढे तीसेक वर्षे वापरात राहिली, आणि गिरणी कामगारांचा महागाईभत्ता तिच्यावर ठरत गेला. दुसरे महायुद्ध झाले, शिधापत्रिका आल्या, स्वातंत्र्य आले, टोपली तीच. अखेर कामगारांच्या तक्रारींवरून १९६३ साली मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि निर्देशांक महागाई कमी दाखवतो असे तिने म्हटले. एका आकड्यातल्या चुकीपायी लाखो पाकिटांत दरमहा किती पैसे कमी पडले असतील, याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

स्वातंत्र्यानंतरचा दारिद्र्यरेषेचा इतिहास बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर जाऊ. १९६२ च्या कार्यगटाने १९६०-६१ च्या भावांनी दरडोई दरमहा २० रुपये ठरवले. आरोग्य आणि शिक्षण सरकार देईल असे समजून ते खर्च वगळले. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च शोधला: खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्यानुसार खेड्यांत ४० टक्के आणि शहरांत ५० टक्के लोक रेषेखाली निघाले. १९७९ साली खेड्यांसाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांक अशी सरकारी मापे आली.

उष्मांकांवरून जो वाद झाला तो मात्र मराठी विज्ञानशिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा आहे, कारण दोन्ही बाजूंना मराठी माणसे होती. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप सोपा होता. २,२५० ही सरासरी गरज आहे. वर्गाच्या सरासरीपेक्षा कमी उंचीच्या मुलांना आपण खुजे म्हणत नाही. मग सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्याला उपाशी का म्हणायचे? पोटभर जेवणाऱ्या समाजातही सुमारे निम्मी माणसे सरासरीच्या खाली असणारच. म्हणून रेषा सरासरीवर न आखता तिच्यातून दोन प्रमाण विचलने वजा करून खाली आखावी. एकाच माणसाची गरजसुद्धा काळानुसार कमीजास्त होते, असेही त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. आमचे मत विचाराल तर संख्याशास्त्राच्या बाजूने सुखात्मे बरोबर होते. पण पाहणी करणाऱ्याच्या कागदावर जेव्हा '१,८०० उष्मांक' असे येते, तेव्हा त्या माणसाच्या शरीराला तेवढेच लागते की गेल्या महिन्यात त्याला कामच मिळालेले नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळायला त्याच घरी पुन्हा जावे लागते.

गिरणगावात तर हा प्रश्न रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा असे. कायम कामगार खाडा करील त्या दिवशी बदली कामगाराला काम. महिन्यात किती दिवस भरतील, हे त्याला महिना संपल्यावरच कळे. १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली, पण अनिश्चितता गेली नाही. गिरणीमालकाच्या दृष्टीने ही सोय होती. मागणी वाढली की बदल्या भरायच्या, उतरली की परत पाठवायचे. व्यापारचक्राचा धक्का कंपनीच्या ताळेबंदाऐवजी बदलीच्या घरात जिरत असे.

आता एक हिशेब करू. समजा रेषा दरडोई महिना १,००० रुपयांची आहे (तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली शहरांसाठी देशपातळीवर ती एवढीच होती). एका कुटुंबाचा दरडोई खर्च नऊ महिने १,२०० रुपये आणि काम नसलेले तीन महिने ६०० रुपये. वर्षाची सरासरी १,०५० रुपये. म्हणजे कुटुंब गरीब नाही! पण त्या तीन महिन्यांत भांडी गहाण पडली, मुलगी शाळेतून निघाली, सावकाराचे व्याज सुरू झाले. पाहणी करणारा चांगल्या महिन्यात आला तर एक उत्तर, वाईट महिन्यात आला तर दुसरे. पहिले उत्तर चूक आणि दुसरे बरोबर असेही नाही. दोन्ही एकाच हलत्या वस्तूची स्थिर छायाचित्रे आहेत.

अशा महिन्यांत घर कसे तगत होते, याची नोंद सरकारी पाहण्यांपेक्षा खानावळीच्या वह्यांत जास्त सापडली असती. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना बायका घरगुती खानावळी चालवून जेवू घालत. पैसे पगाराच्या दिवशी. पगार बंद झाला तरी जेवण लगेच बंद करता येत नसे. १९७३-७४ च्या गिरणी संपात या बायकांनी उधारीवर माणसे जगवली आणि स्वतः कर्जात बुडाल्या. त्यातूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खानावळवाल्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मंदीचा विमा या बायका उतरवत होत्या, आणि त्याचा हप्ता त्यांना कोणी देत नव्हते. कामगाराच्या पोटात गेलेले उष्मांक पाहणीत मोजले गेले असते; ते कोणाच्या कर्जावर आले हे कोणत्याही रकान्यात बसले नसते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप सर्वांना माहीत आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कित्येक कुटुंबे गावी गेली. राष्ट्रीय नमुना पाहणीची खर्चाची मोठी फेरी त्यानंतर लगेच, जानेवारी ते डिसेंबर १९८३ मध्ये झाली. लालबागच्या चाळीतली खोली बंद करून गावी राहायला गेलेला कामगार या पाहणीत सापडला असेल, तर तो ग्रामीण महाराष्ट्राचा रहिवासी म्हणून. १८७२ ची गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा. मंदीने शहरातला गरीब कमी केला नाही, त्याचा पत्ता बदलला.

इथे एक गोष्ट महाराष्ट्राच्या बाजूने सांगायला हवी. खेड्यातल्या मंदीवर, म्हणजे दुष्काळावर, आपल्या राज्याने १९७२ पासून रोजगार हमीचा उपाय केला आणि १९७७ साली त्याचा कायदा केला. मागेल त्याला काम. त्यामुळे काम घटते तेव्हा योजना आपोआप फुगते आणि शेतात काम आले की आटते. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांच्या पगारपत्रकावर व्यवसायकराची कपात असते. तो कर १९७५ च्या कायद्याने या योजनेसाठीच बसवला गेला होता. मुंबईतल्या नोकरदारांच्या आणि कामगारांच्या पैशातून खेड्यातल्या मजुराला हमी मिळाली, हे योग्यच झाले. पण फाटकावरून परत गेलेल्या बदलीसाठी अशी हमी कधी आली नाही. शहरातली मंदी हा दारिद्र्याचा प्रश्न आहे असे कोणी मानलेच नाही. ती उद्योगाची अडचण, फार तर संपाची.

लकडावाला पुढे १९८९ साली दारिद्र्यमापनाच्या तज्ज्ञ गटाचेही अध्यक्ष झाले. अहवाल १९९३ साली, त्यांच्या निधनानंतर आला. शहरी रेषा महागाईनुसार वर नेताना औद्योगिक कामगारांचा किंमत निर्देशांक वापरावा, अशी त्याची शिफारस होती. मुंबईच्या निर्देशांकाची पूर्वपीठिका वाचलेल्यांना यात काही नवल वाटणार नाही. २००९ च्या तेंडुलकर समितीने उष्मांकांची अट सोडली, पण सुरुवात केली ती २००४-०५ साठी आधीच निघालेल्या शहरी दारिद्र्याच्या २५.७ टक्क्यांपासून. एका घड्याळावरून दुसरे घड्याळ लावल्यासारखे हे झाले; पहिले मागे पडत होते की नाही, ते तपासायचे राहून गेले. २०११ साली शहरात रोज ३२ रुपये हा आकडा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा देशभर संताप झाला. २०१४ च्या रंगराजन गटाने तो ४७ केला. वाद ३२ की ४७ यावर झाला. रेषा उंच करा म्हणणारे आणि खाली ठेवा म्हणणारे, दोघेही ती स्थिर आहे हे गृहीत धरून भांडत होते.

खर्चाच्या पाहणीचे पुढचे निकाल २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ चे आले. मधली २०१७-१८ ची पाहणी झाली होती; तिचे निकाल प्रसिद्ध न करण्याचा निर्णय सरकारने २०१९ मध्ये जाहीर केला. या अकरा वर्षांत २०१६ ची नोटाबंदी आणि २०२० ची टाळेबंदी बसते. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी बेकारी २० टक्क्यांच्या वर गेल्याचे सरकारच्याच श्रमबल पाहणीने नोंदवले. त्या तिमाहीत लोक काय खात होते, याची तितकीच व्यापक नोंद खर्चाच्या पाहणीत नाही. तापमापकाने ताप उतरल्यावरच नोंद घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

२०२२-२३ च्या पाहणीत प्रत्येक घरी एकाऐवजी तीन महिन्यांत तीनदा जाण्याची पद्धत आली. ही सुधारणा आहेच. एका बैठकीत शेकडो वस्तूंची उत्तरे देऊन माणूस कंटाळतो. परंतु तीन खेपांना तीन वेगळ्या प्रश्नावल्या असतात: एकदा खाद्यपदार्थ, एकदा किरकोळ वस्तू आणि सेवा, एकदा टिकाऊ वस्तू. तांदूळ एकाच खेपेला विचारला जातो. त्यामुळे पुढच्या महिन्यात तो कमी झाला का, हे तीन फेऱ्या मारूनही समजत नाही. उलट २०१७ साली सुरू झालेल्या श्रमबल पाहणीत शहरी घरांना लागोपाठ चार तिमाह्या तेच प्रश्न विचारण्याची पद्धत ठेवली होती. याच चार भेटींत प्रत्येक वेळी अन्नाचे आणि उधारीचे पाच-सात प्रश्न घातले असते, तर बदली कामगारासारख्या, किंवा आजच्या कंत्राटी मजुरासारख्या घराचा वर्षभरातला चढउतार कागदावर आला असता. त्याला नवी समिती लागत नाही. प्रश्नावलीला एक पान जास्त लागते.